सोबतीला काकू

काटेसाहेब 'हो' म्हणाले तेव्हा ते जिन्यात उभे होते. एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हातात इस्त्रीचे कपडे आणि दातांत किल्ली. अशा अवस्थेत माणसाला कोणी काही विचारलं, तर त्याच्या तोंडून जो आवाज निघतो तो ऐकणाऱ्याला 'हो' असाच ऐकू येतो. वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्याला तो तसाच ऐकू आला.

"मग ठरलं तर!" बँकवाला म्हणाला. "तुम्ही जाताच आहात, तर आईला तेवढीच सोबत."

'तुम्ही जाताच आहात तर' या चार शब्दांनी जगात जितकी सज्जन माणसं आडवी केली आहेत तितकी साथीच्या रोगांनीही केली नसतील. माणूस आपल्या कामाला मोकळ्या हातांनी निघतो आणि चौथ्या पायरीवर त्याच्या गळ्यात दुसऱ्याची पिशवी पडते. काटेसाहेबांच्या गळ्यात बँकवाल्याची आई पडली.

साहेबांचं आडनाव काटे नव्हतं. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि सत्तावीस वर्षं दुकानादुकानांतून तराजूचा काटा तपासत फिरल्यामुळे सगळं गाव त्यांना काटेसाहेब म्हणे. खऱ्या आडनावाने त्यांना आता फक्त हजेरीपत्रक ओळखत असे. खात्याने त्यांना पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी परदेशी पाठवायचं ठरवलं. फायलीवर अकरा सह्या झाल्या आणि प्रत्येक सहीसरशी प्रवास थोडा थोडा अवघड होत गेला. सुरुवातीला सरळ जाणारं विमान होतं. पाचव्या सहीला ते वाटेत एका मोठ्या विमानतळावर बदलायचं ठरलं. नवव्या सहीला दोन विमानांच्या मधला वेळ चार तासांवरून एक तास पन्नास मिनिटांवर आला. बारावी सही लागली असती तर मधला टप्पा साहेबांना पोहून जावा लागला असता.

ज्या शहरात प्रशिक्षण, त्याच शहरात बँकवाल्याचा थोरला भाऊ राहत होता. त्यांची आई, म्हणजे काकू, सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे असत. काकू शहात्तर वर्षांच्या, बारीक चणीच्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. जिन्यात भेटल्या की हसायच्या आणि बाजूला व्हायच्या. त्यापलीकडे साहेबांना त्यांची काही माहिती नव्हती.

"तुम्हांला नाही म्हणता येत नाही," साहेबांची बायको म्हणाली, "आणि हो म्हटलेलं निभावता येत नाही. मग बोलता कशाला?"

"मी बोललोच नाही. माझ्या तोंडात किल्ली होती."

"मग ती तिथेच ठेवायची होती."

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर विमानात कधी बसले नव्हते, पण गाडी बदलणं म्हणजे काय हे त्यांना विचारायचं नाही तर कोणाला, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. "घाबरायचं नाही," ते म्हणाले. "मागची गाडी लेट असली की पुढची थांबवून धरतात. मी स्वतः पस्तीस पस्तीस मिनिटं धरली आहे. तुम्ही उतरल्याबरोबर तिथल्या मास्तरला गाठायचं आणि सांगायचं, दोन सवारी मागून येत आहेत."

"तिथे मास्तर नसतो हो."

"मास्तर सगळीकडे असतो," स्टेशनमास्तर दुखावल्या स्वरात म्हणाले. "नाव वेगळं असेल."

बँकवाल्याने सल्ला दिला नाही, निळी फाइल दिली. तिच्यात काकूंचा पासपोर्ट, औषधांची यादी आणि चौदा सूचना होत्या. दर दोन तासांनी पाणी. सरकत्या जिन्यावर डावा हात धरणे. आई 'मला काही नको' म्हणाली तर तिला काहीतरी हवं आहे असं समजणे. निघताना त्याने दोघांचा एकत्र फोटो काढला आणि थोरल्याला पाठवला. तिकडे पोचल्यावर थोरला असाच फोटो काढून इकडे पाठवणार होता. पार्सलाची पोच असते तशी.

सामान देण्याच्या खिडकीशी पहिली ठिणगी पडली. काकूंची बॅग काट्यावर चढली आणि आकडा सहाशे ग्रॅमनी जास्त आला. दुसऱ्या कोणी मुकाट्याने बॅग उघडली असती. साहेब गुडघ्यावर बसले आणि काट्याखाली डोकावले.

"तुमचा काटा समपातळीत नाही," त्यांनी खिडकीतल्या मुलीला सांगितलं. "डावा पाय वर आहे. हा शेवटचा कधी तपासला? शिक्का कुठे आहे?"

"सर, सहाशे ग्रॅम काढा."

"प्रश्न सहाशे ग्रॅमचा नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे."

रांगेतल्या चाळीसएक लोकांना तत्त्वात फारसा रस नसल्याचं थोड्याच वेळात स्पष्ट झालं. एका गृहस्थाने तर "हे काय चाललंय, बाजार आहे का?" असं विचारलं. ते वाक्य साहेबांना विशेष लागलं, कारण बाजारात लोक त्यांना बसायला खुर्ची देत. शेवटी काकूंनीच बॅग उघडून शब्दकोड्यांची दोन जाड पुस्तकं, एक टॉर्च आणि गरम पाण्याची पिशवी बाहेर काढली आणि "तुमच्या कोटाला खिसे किती छान मोठे आहेत," असं म्हणून ती एकेक करून त्यांत भरली. साहेब पुढचा सगळा प्रवास फुगलेल्या गादीसारखे दिसत होते.

पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं. का, ते कोणी सांगितलं नाही. मोठ्या विमानतळावर ते उतरले तेव्हा सकाळचे साडेदहा वाजून गेले होते आणि पुढचं विमान अकरा चाळीसला होतं. फलकावर लिहिलं होतं: दार क्रमांक चौसष्ट. ते होते तीनवर.

मोठा विमानतळ ही काय चीज आहे हे चालल्याशिवाय कळत नाही. काचेची भिंत, खांब, खुर्च्या, अत्तराचं दुकान, मग पुन्हा काचेची भिंत, खांब, खुर्च्या आणि तेच अत्तराचं दुकान. आपण पुढे जातोय की विमानतळ मागे येतोय, कळेनासं होतं. 'पायाखालची जमीन सरकणे' हा वाक्प्रचार साहेबांनी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून लिहिला होता. इथे ती खरोखरच सरकत होती, आणि तिच्यावर उभं राहिलेल्या साहेबांना सूचना आठवेना, जिन्यावर डावा हात धरायचा म्हणजे त्यांचा की काकूंचा.

काकू मात्र मजेत होत्या. "किती उंच छत आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि कोणी ओळखीचं नाही."

एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत न्यायला चालक नसलेली छोटी गाडी होती. ती त्यांना तीन मिनिटांत पलीकडे घेऊन गेली. तिथून पुन्हा तपासणी. आणि इथे आपल्याला त्या डब्याबद्दल सांगायला हवं.

खात्याने साहेबांबरोबर एक प्रमाण वजन दिलं होतं. पितळेचं, एक किलोचं, मखमली अस्तराच्या लाकडी डब्यात. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी ते तिथल्या वजनाशी ताडून पाहायचं होतं. 'सामानात टाकू नये, हातात न्यावे,' असा लेखी आदेश होता. ते वजन यंत्राच्या पडद्यावर काळ्या, भरीव, गोल डागासारखं उमटलं, पट्टा थांबला आणि एक धिप्पाड अधिकारी पुढे आला.

"हे काय आहे?"

"एक किलो," साहेब म्हणाले.

"कशाचं एक किलो?"

"कशाचं नाही. नुसतंच एक किलो."

अधिकाऱ्याने साहेबांकडे नीट पाहिलं. मग साहेबांच्या कोटाकडे पाहिलं, ज्याच्या डाव्या खिशात काहीतरी रबरी होतं आणि उजव्या खिशात नळीसारखं काहीतरी. "डबा उघडा," तो म्हणाला, आणि साहेबांनी उघडताच त्याने आत हात घातला.

"हात लावू नका!" साहेब ओरडले.

जगातल्या कुठल्याही विमानतळाच्या तपासणीत ओरडण्यासारखी जी वाक्यं आहेत, त्यांत हे वाक्य येत नाही. आजूबाजूचे लोक दोन पावलं मागे सरले. एका बाईंनी मुलाला पोटाशी धरलं. साहेब घाईघाईने खुलासा करू लागले, की बोटांचा घाम लागला तर वजन वाढतं, आणि वाढलं तर ते एक किलो राहत नाही. पण खुलासा जसजसा शास्त्रशुद्ध होत गेला तसतसे अधिकारी वाढत गेले. एकाचे तीन झाले, तिघांचा एक वरिष्ठ आला. साहेबांनी अकरा सह्यांचा आदेश काढला. वरिष्ठाने तो आधी सरळ, मग उलटा धरून पाहिला. मग हातमोजे घातलेली एक मुलगी आली, तिने वजनावरून कसलीशी चिंधी फिरवली, ती दुसऱ्या यंत्रात घातली, आणि सगळे त्या यंत्राकडे पाहत उभे राहिले. यंत्राला घाई नव्हती.

"ठीक आहे," अखेर वरिष्ठ म्हणाला आणि डबा परत देताना त्याने विचारलं, "पण मग हे नक्की कशासाठी?"

"बाकीची वजनं खरी आहेत की नाहीत ते कळायला."

"आणि हे खरं आहे, ते कशावरून?"

प्रशिक्षण त्याचसाठी होतं. पण तोवर साहेबांनी मागे वळून पाहिलं होतं आणि ज्या बाकावर त्यांनी काकूंना बसवलं होतं त्या बाकावर आता एक लठ्ठ गृहस्थ बुटाची नाडी बांधत बसला होता.

पहिल्यांदा साहेब नुसते त्या गृहस्थाकडे बघत राहिले, जणू तो थोडा बाजूला झाला की मागून काकू निघतील. मग ते धावले. स्वच्छतागृहाशी उभं राहून त्यांनी आत जाणाऱ्या तीन बायकांना "आत काकू आहेत का?" असं विचारलं. तिसरीने सुरक्षारक्षकाकडे बोट दाखवल्यावर ते तिथून निघाले. अत्तराचं दुकान, खांब, खुर्च्या. काकू नाहीत. माहितीच्या खिडकीशी पोचले तेव्हा अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"दिसायला कशा आहेत?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"उंची एकशे एकोणपन्नास सेंटिमीटर. वजन बेचाळीस किलो, एक किलो इकडे तिकडे."

"कपडे?"

साहेबांनी डोळे मिटले. पहाटेपासून त्या बाईंच्या शेजारी ते बसले होते, चालले होते, त्यांना दोनदा पाणी दिलं होतं. "कपडे होते," ते म्हणाले.

बाईने वर पाहिलं नाही. लिहून घेतलं. थोड्या वेळाने छतातून काकूंचं पूर्ण नाव आलं, पहिल्यांदा अशा मोडतोडीने की काकू शेजारी असत्या तरी साहेबांनी ओळखलं नसतं. दुसऱ्यांदा जरा बरं आलं. लोकांनी माना वर केल्या आणि खाली घातल्या. कोणी आलं नाही.

निदान दारापाशी असतील या आशेने साहेब चौसष्टकडे धावले. एक किलो वजन सकाळी सहाला एक किलो असतं. धावताना ते किती होतं याचं कोष्टक खात्याकडे नाही. दारावर दोघंच कर्मचारी उरले होते, आणि आता छतातून साहेबांचं स्वतःचं नाव शेवटच्या सूचनेसह घुमत होतं. सत्तावीस वर्षांत त्यांना उशिराचा शेरा मिळाला नव्हता. इथे तो दीड लाख लोकांना ऐकवला जात होता.

"तुम्हीच ना?" दारावरचा माणूस म्हणाला. "चला, चला."

"माझ्याबरोबर एक काकू आहेत."

"कुठे आहेत?"

"तेच तर माहीत नाही."

"चार मिनिटं आहेत. येताय का?"

त्या चार मिनिटांत काटेसाहेबांच्या मनात जे आलं ते त्यांनी पुढे बायकोलाही सांगितलं नाही. मनात आलं, की जावं. फाइल माहितीच्या खिडकीत द्यावी, बँकवाल्याला कळवावं; विमानतळावर माणूस हरवून हरवून किती हरवणार? आपण कोण त्यांचे? आपल्या तोंडात किल्ली होती. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलंसुद्धा. मग त्यांना निळ्या फाइलमधली दहावी सूचना आठवली: 'आईला एकटं वाटू देऊ नये.' एवढी सोपी सूचना त्यांनी सरकारी परिपत्रकातही कधी वाचली नव्हती, आणि इतकी अवघडही.

"नाही," ते म्हणाले. दार बंद झालं. काचेतून त्यांनी आपलं विमान मागे सरकताना पाहिलं. कोणी ते थांबवून धरलं नाही.

काकू सापडल्या साडेबाराला. त्यांना शोधायला साहेबांशिवाय कोणी फारसं काही केलं नव्हतं आणि साहेबांनीही त्या वेळी शोध थांबवला होता. ते फक्त कुठेतरी टेकायला जागा बघत होते. इमारतीच्या अगदी टोकाला, जिथे दुकानं संपत होती, काचेशी पाय पसरता येतील अशा लांब खुर्च्यांची एक ओळ होती. ऊन आत आलं होतं. मधल्या खुर्चीवर काकू बूट काढून आडव्या पडल्या होत्या. शाल राखाडी होती. त्यांच्या हातात कागदी पेल्यात चहा होता आणि शेजारी फरशी पुसायचं यंत्र उभं करून एक सफाईवाली बाई बसली होती. दोघी समोर उतरणारं विमान बघत होत्या.

"आलात?" काकू म्हणाल्या. "या, बसा. या बाईंना तीन मुली आहेत, तिन्ही गणितात कच्च्या."

सफाईवाली साहेबांचा चेहरा बघून उठली आणि यंत्र घेऊन निघून गेली.

साहेब बसले नाहीत. "काकू, तुमचं नाव पुकारलं त्यांनी. दोनदा."

"ऐकलं मी. दुसऱ्यांदा बरं घेतलं."

"ऐकलं? आणि तरी..." साहेबांचा आवाज फुटला. "माझी सत्तावीस वर्षांची नोकरी आहे, काकू! उद्या सकाळी मला तिथे हे वजन द्यायचंय. मी बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभा राहिलो! लोक मला काय समजले असतील? रस्ता चुकला असाल, चक्कर आली असेल, काय काय मनात आलं माझ्या. आणि तुम्ही इथे चहा पिताय!"

काकूंनी पेला खाली ठेवला. "तुम्ही जायला हवं होतंत."

"तुम्हांला टाकून?"

"मला वाटलं, जाल." त्या बाहेर बघत म्हणाल्या. "मी दुपारी त्या खिडकीशी जाऊन सांगणारच होते, की मी हरवलेय. त्यांनी पाठवलं असतं मला. तुम्हांला अडकवायचं नव्हतं, खरंच."

साहेब आता बसले. रागाला उभं राहायला जेवढी ताकद लागते तेवढीही त्यांच्या पायांत उरली नव्हती.

"पण का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तीनशे पासष्टाला दोनाने भाग जात नाही," काकू म्हणाल्या. वर्गात फळ्याकडे वळून सांगावं इतक्या साध्या आवाजात. "एकशे ब्याऐंशी त्याचे, एकशे ब्याऐंशी याचे. एक उरतो. गेल्या वर्षी त्या एकावरून दोघं फोनवर पाऊण तास बोलले. भांडले नाहीत हं, मुलं चांगली आहेत माझी. 'या वेळी तू ठेव,' 'नाही रे, मागच्या वेळी मीच ठेवला होता,' एवढंच. मी शेजारच्या खोलीत कोडं सोडवत होते. तेव्हाच ठरवलं, की बाबांनो, उरलेला मी घेते."

साहेबांनी काकूंकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे उरलेसुरले ग्रॅम शोधून काढले होते.

"मग आजच का? माझ्याच वेळी?"

"एरवी विमान कंपनीची माणसं मला खुर्चीत बसवून नेतात. चार ठिकाणी चार माणसं, प्रत्येकाची सही. पळणार कशी? या वेळी तुम्ही येणार असं कळलं." त्या थोड्या ओशाळल्या. "म्हटलं, हा माणूस साधा आहे. जमेल."

दिवसभरात साहेबांच्या प्रतिष्ठेला पुष्कळ मार बसला होता. पण इतक्या प्रेमाने कोणी मारलं नव्हतं.

पुढचं तिकीट करून घ्यायची रांग वेगळ्या इमारतीत होती. चिठ्ठीवरचा आकडा एकशे अठरा, चालू आकडा एकसष्ट. बाकड्यावर बसून काकूंनी साहेबांच्या खिशातलं कोड्यांचं पुस्तक काढून सोडवायला घेतलं आणि साहेब कार्यालयाला द्यायच्या लेखी स्पष्टीकरणाचा मसुदा मनात जुळवू लागले. 'सोबतच्या महिला स्वेच्छेने हरवल्यामुळे' इथपर्यंत तो येई आणि अडे. दोन तासांनी नंबर लागला.

"आज संध्याकाळी पाचला एक जागा आहे," खिडकीमागची बाई म्हणाली. "दोन हव्या असतील तर उद्या सकाळी सव्वानऊला. तुम्ही आज जा ना. आजींना आमची माणसं पोचवतील. ताबा घेतात, देतात, सह्या होतात, काही काळजी नाही."

"हो, जा तुम्ही," काकू म्हणाल्या. "मला सवय आहे."

पाचच्या विमानाने गेलं तर पहिला दिवस चुकत नव्हता. स्पष्टीकरण लागत नव्हतं. साहेबांनी आदेशाचा कागद काढला, अकरा सह्यांकडे पाहिलं, पुन्हा घडी घातली.

"दोन द्या," ते म्हणाले. "उद्याच्या. शेजारी शेजारी."

तिकिटं हातात पडतात तोच फोन वाजला. बँकवाला होता. आई विमानातून उतरलीच नाही असं थोरल्याने त्याला कळवलं होतं, आणि त्याने थोरल्यालाही जोडून घेतलं होतं. एकाच वेळी दोन मुलगे एका माणसाला ऐकवायला लागले, की आई कुठे आहे, कशी आहे, गोळी घेतली का, हे झालंच कसं, आम्ही एवढी फाइल करून दिली होती. साहेब हं हं करत राहिले. दोघंही खरोखर घाबरले होते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. उद्या सकाळचं विमान आहे, आई ठणठणीत आहे, हे ऐकल्यावर दोघं शांत झाले. मग बँकवाला घसा साफ करून म्हणाला,

"दादा, म्हणजे आजचा दिवस... माझ्याकडून तर ती सकाळीच निघालीय."

"अरे, पण माझ्याकडे पोचलीय कुठे?" थोरला म्हणाला. "मी आपलं विचारतोय. पुढच्या तिकिटाच्या तारखेसाठी."

"नाही, नाही, मीही त्यासाठीच."

काकू शब्दकोड्यात मान घालून बसल्या होत्या. पेन्सिल थांबली होती.

काटेसाहेबांना मोठ्याने बोलायची सवय नव्हती. दुकानदाराला दंड करतानासुद्धा ते 'कृपया' म्हणत. पण ते पहाटेपासून चालत होते, खिशात रबरी पिशवी घेऊन धावले होते, आणि आता त्यांच्यात कुठल्याच गोष्टीची भीड उरली नव्हती.

"हा दिवस माझ्याकडे धरा," ते म्हणाले. "ऐकलंत? आजचा दिवस तुमच्या कोणाच्याच वाट्याचा नाही. माझ्याकडे धरा!" आणि त्यांनी फोन बंद केला.

मग आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. वरच्या मजल्यावर राहतो तो. पाण्याची टाकी एकच आहे.

"वर्गात कोणी असं उत्तर दिलं असतं," काकू कोड्यातून मान वर न काढता म्हणाल्या, "तर मी पैकीच्या पैकी दिले असते." आणि त्यांनी पुस्तक चेहऱ्यासमोर जरा जास्तच वर धरलं.

राहिलेली दुपार काकूंच्या मर्जीने गेली. त्यांना त्या चालक नसलेल्या गाडीत सगळ्यात पुढे बसायचं होतं. ते पाच वेळा या टोकाहून त्या टोकाला गेले. तिसऱ्या फेरीत साहेबांनी विचारलं, की काकू, ही नेते कुठे हे कळलं ना आता? काकू म्हणाल्या, हो, म्हणूनच बरं वाटतंय. पाचव्या फेरीत साहेब डबा मांडीवर धरून बसल्या बसल्या झोपले आणि उठले तेव्हा काकू समोरच्या बिनओळखीच्या म्हाताऱ्याला कोड्यातला शब्द विचारत होत्या. मुक्कामाला कंपनीने जवळच्या हॉटेलात दोन खोल्या दिल्या. सकाळी काकू बूट घालून, केस विंचरून साहेबांच्या दाराशी हजर होत्या. दार क्रमांक या वेळी अकरा होता, आणि काकूंनीच तो एकही चुकीचं वळण न घेता गाठून दिला. उतरायच्या आधी त्यांनी शालीची घडी तीनदा घातली आणि तीनदा मोडली.

थोरला बाहेर उभा होता. त्याच्याबरोबर चाकांची खुर्ची होती, हातात फाइल होती. ती हिरवी होती. तो आईच्या पाया पडला, तिला जवळ घेतलं, आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. मग त्याने साहेबांकडे पाहिलं.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण आम्ही तुमच्या भरवशावर होतो. शहात्तर वर्षांचं माणूस. झालं तरी काय नेमकं?"

साहेबांनी तोंड उघडलं. सगळं सांगता आलं असतं. बाक, चहा, उन्हातली खुर्ची. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू आपल्या बुटांकडे बघत उभ्या होत्या, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारख्या.

सत्तावीस वर्षांत काटेसाहेबांनी एकही खोटी नोंद केली नव्हती.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "मला रस्ताच समजला नाही. काकू सारख्या सांगत होत्या, मीच ऐकलं नाही."

थोरला काहीतरी बोलणार होता, पण काकूंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. "असू दे रे," त्या म्हणाल्या. "त्यांना काही बोलू नकोस. जरा गोंधळतात बिचारे, पण माणूस फार चांगला आहे. माझी एवढी काळजी कोणी घेतली नव्हती बऱ्याच दिवसांत." आणि त्यांनी साहेबांच्या पाठीवर दोन थापा दिल्या, खुर्चीत बसल्या, थोरल्याने फोटो काढला तेव्हा नीट हसल्या, आणि गर्दीत दिसेनाशा होईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त एक हात खुर्चीच्या बाहेर काढून जरासा हलवला.

काटेसाहेब डबा पोटाशी धरून तिथेच उभे राहिले. पाय दुखत होते. प्रशिक्षण सुरू होऊन तीन तास झाले होते. कोटाचे खिसे त्यांना हलके लागले. काकूंनी आपल्या वस्तू कधी काढून घेतल्या, ते कळलंच नव्हतं. ते बाहेर पडायच्या दाराकडे म्हणून निघाले, शंभरएक पावलं चालले आणि एका अत्तराच्या दुकानासमोर आले. मग मागे फिरले, आणि रस्ता विचारायला माहितीच्या खिडकीच्या रांगेत जाऊन उभे राहिले.